साबण्या आणि साहेबांचं दार

न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. करंगळीनं ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण साबण्या खांद्यावर टॉवेल टाकून त्या दारापुढे उभा होता, एक पाऊल मागे, जरा डावीकडे सरकून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, तळवे समोर.

"काय साहेब," मागून दाजी म्हणाले, "शिपाई ठेवू का दार उघडायला?"

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आयुष्यभर एका कापडदुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस, आणि मालक समोरच बसलेला असायचा. ज्याला चोरीची संधीच कधी मिळाली नाही, तो स्वतःला प्रामाणिक म्हणवून घ्यायला मोकळा असतो. दाजी तसे मोकळे होते. रोज सकाळी दात घासताना, दुपारी जेवताना आणि संध्याकाळी पाय पसरून बसल्यावर ते आपला प्रामाणिकपणा घरभर वाटत फिरायचे. घ्यायला कुणी तयार नसायचं, तरी वाटायचे.

साबण्याने दार ढकललं आणि आत गेला. चूक त्याचीच होती, पण ती सवय होती. तुरुंगात दार कैद्याने उघडायचं नसतं. दार आलं की एक पाऊल मागे, डाव्या अंगाला, तळवे पुढे, म्हणजे पहारेकऱ्याला दिसतं की हातात काही नाही. मग तो किल्ल्या खुळखुळवत येणार, त्याची मर्जी लागली की उघडणार. वर्षानुवर्षं दिवसातून कितीतरी वेळा हेच केलं की ते अंगात भिनतं. बाहेर येऊन बराच काळ झाला होता, डोक्याला ते कळत होतं, पण पायांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

आता साबण्या हे नाव. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त सरकारी कागदांवर उरलं होतं. तरुणपणी तो ट्रक चालवायचा. एकदा साबणाने भरलेला अख्खा ट्रक त्याने वाटेतच विकून टाकला आणि स्वतःला झाडाला बांधून घेऊन, लुटलं हो लुटलं म्हणून बोंब मारली. चार दिवसांत त्या भागातल्या सगळ्या दुकानांत तोच साबण निम्म्या किमतीला मिळायला लागला, आणि पोलिसांना फार डोकं चालवावं लागलं नाही. साबण चोरून हात काळे करणारा जगात हा पहिलाच, असं न्यायालयाबाहेर कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तेव्हापासून तो साबण्या झाला, आणि त्याची तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली मुलगी साबण्याची पोर झाली.

त्याच्या बायकोने वाट बघितली नाही. तिला कोण दोष देणार. मुलगी मात्र ती आत्याच्या ओटीत टाकून गेली, आणि ताईने ती वाढवली, नवऱ्याचे टोमणे झेलत. आता पोरगी कॉलेजात जात होती. आत्याला ती अगं-तुगं करायची, आतोबालाही अरे-तुरे करायची, बापाला तेवढं तुम्ही म्हणायची. तरी परवा भांडी पुसता पुसता, त्याच्याकडे न बघता, म्हणाली होती, "बाबा, तुम्ही वेगळी खोली घ्या. मी येते तुमच्याकडे. आतोबाचं ऐकून ऐकून माझे कान किटलेत."

साबण्याने हातातलं ताट इतका वेळ पुसलं की त्याला भोक पडायचं बाकी होतं. खोली घ्यायची तर भाडं हवं, भाड्याला पगार हवा, आणि त्याला धड येणारं काम एकच. त्याला स्टेअरिंग परत हवं होतं. आज ना उद्या पोरगी हॉस्टेल शोधेल, नाहीतर नवरा शोधेल, आणि मग तो दाजींच्या न्हाणीघरापुढे म्हातारा होईल, हे त्याला लख्ख दिसत होतं.

शहरातल्या मालवाहतूक कंपन्यांचे उंबरे तो झिजवत होता. परवाना त्याने पुन्हा काढला होता, हात तोच होता, नजर तीच होती. पण प्रत्येक अर्जात एक रकाना असायचा: यापूर्वी शिक्षा झाली आहे काय? पहिल्या कंपनीत त्याने 'नाही' लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांचा दाखला आल्यावर त्याला हाताला धरून फाटकाबाहेर काढलं. तेव्हापासून तो 'हो' लिहायचा. मग फाटकाच्या आतही घ्यायचे नाहीत. दाजी म्हणायचे, "हात दाखवून अवलक्षण. कुणी सांगितलंय खरं लिहायला?" आणि हेच दाजी, त्याने खोटं लिहिलं तेव्हा म्हणाले होते, "जित्याची खोड." दाजींचं बरं होतं. त्यांच्याकडे दोन्ही बाजूंच्या म्हणी होत्या.

शेवटी तो गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या त्या मोठ्या कंपनीत गेला, जिथे कुणी जायचं नाही. कारण तिथे ड्रायव्हर टिकत नसत. मालक दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांना आवारात उभं करून सचोटीवर भाषण द्यायचे, आणि शर्टाचं बटण तुटलं तरी पगार कापायचे. फाटकावर 'ड्रायव्हर पाहिजेत' अशी पाटी होती, आणि ती इतकी जुनी होती की तिच्यावर गंज चढला होता. आत गाड्या भरून उभ्या होत्या, चालवायला माणूस नाही. कापसाच्या गाठी, खोकी, पत्र्याची पिंपं, सगळं ऊन खात पडलं होतं.

ऑफिसच्या दारापुढे साबण्या सवयीने थांबला. जरा वेळाने त्याच्या लक्षात आलं की शेजारी आणखी एक माणूस थांबलाय. टाय लावलेला, केस चापून बसवलेला, हात पाठीमागे बांधून छताकडे बघत होता.

"तुम्ही ड्रायव्हरच्या जागेसाठी?" त्या माणसाने विचारलं. "मी मॅनेजर. उघडा दार."

साबण्या दचकलाच. त्याने दार उघडलं, मॅनेजर आत गेला, आणि पुढच्या दारापाशी पुन्हा तसाच उभा राहिला.

ही काय भानगड, ते त्याला शिपायाकडून कळलं. शिपाई एका स्टुलावर बसून पाय चोळत होता. म्हणाला, "मोठे साहेब, म्हणजे आपले मालक, स्वतः दार उघडत नाहीत. कधीच नाही. दारापुढे उभे राहतात, आपण धावत जाऊन उघडायचं. घरी बाईसाहेब उघडतात म्हणे, मोटारीत ड्रायव्हर उघडतो, इथे मी. मोठी माणसं, त्यांचा हात कशाला लागेल दाराला. आता साहेबांचं बघून हे मॅनेजरही उभे राहायला लागलेत. त्यांच्यासाठी कोण धावतंय? परवा अर्धा तास जिन्यापाशी उभे होते."

मोठेपणाची अशी नक्कल करणारी माणसं साबण्याने तुरुंगातही पाहिली होती. जेलर पान खातो म्हणून पान खाणारे, जेलर खोकतो तसे खोकणारे. त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. पोट हसण्यावर भरत नाही.

चाचणी घ्यायला म्हातारे मिस्त्री आले. गाड्या दुरुस्त करून करून त्यांचे हात तेलाने इतके काळे झाले होते की ते आता धुवायच्या भानगडीत पडत नसत. त्यांनी सगळ्यात लांबलचक ट्रकाकडे बोट दाखवलं. "ही मागे घेऊन फलाटाला लावायची. अलीकडे खांब आहे, पलीकडे गटार. दोन्हींपैकी एक निवडलंत तरी नोकरी नाही."

साबण्या चालत गेला, ट्रकाचं दार ओढून उघडलं आणि चढून बसला. ट्रकाच्या दारापाशी तो कधी थांबत नसे. तुरुंगात ट्रक नव्हता, त्यामुळे त्या दाराला ती खोड लागलीच नाही. आत बसल्यावर त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. एका आरशातून दुसऱ्या आरशात बघत, हळूहळू, न थांबता त्याने ते धूड मागे नेलं आणि फलाटाला असं टेकवलं की आतल्या खोक्यांनाही कळलं नसेल. आणि त्या तेवढ्या वेळात त्याला खरंच आनंद झाला. कितीतरी वर्षांनी झाला.

"उद्यापासून या," मिस्त्री म्हणाले.

पण नोकरी देणं मिस्त्रींच्या हातात असतं तर मॅनेजरची काय गरज होती? मॅनेजरने अर्ज दोन बोटांत धरून वाचला, जणू त्याला वास येत होता. त्या रकान्यापाशी आला आणि त्याचं नाक वर गेलं. काही माणसं नाकाने कांदे सोलतात, हा त्यातला होता.

"चोरी," मॅनेजर म्हणाला. "ट्रकातल्या मालाची. आणि तुम्ही ट्रक चालवायला आलात."

"विमान येत नाही म्हणून."

"हे बघा, इथे विनोद चालत नाहीत. आमच्या संस्थेचं एक नाव आहे."

मिस्त्री दारातून म्हणाले, "नाव आहे, पण गाड्या जागच्या हलत नाहीत. माणसाला गाडी येते. मी बघितलं."

"नियमात बसत नाही." मॅनेजर उठला. "तरी साहेबांना भेटा. अशा माणसांना नकार द्यायचा असेल तर साहेब स्वतः देतात. दोन शब्द उपदेशाचेही सांगतात. तुमच्या फायद्याचंच आहे. बोळाच्या टोकाला त्यांची केबिन. मी शिपायाला चहा आणायला पाठवलंय, तो आला की तुम्हाला आत सोडेल."

म्हणजे नोकरी नाही, वर कीर्तन फुकट. साबण्याला वाटलं, असंच उठून घरी जावं. मग दाजींचा चेहरा आठवला, आणि त्यामागून पोरीचा, आणि तो बोळाच्या टोकाकडे निघाला. पालथ्या घड्यावर पाणी तर पाणी.

केबिनचं दार बंद होतं. जाड लाकडाचं, पितळी मुठीचं. साबण्या दारापुढे थांबला. एक पाऊल मागे, जरा डावीकडे, तळवे पुढे. शिपायाची वाट बघत उभा राहिला.

मागून पावलं वाजली. आवारातून फेरी मारून मोठे साहेब आले. साठीचे, धिप्पाड, पांढरेशुभ्र कपडे, चकचकीत बूट, चेहऱ्यावर असा भाव की आत्ताच कुणाला तरी माफ करून आलेत. त्यांनी साबण्याकडे बघितलंही नाही. ते दारापाशी आले आणि थांबले. शिपाई जागेवर नव्हता.

साबण्याने बाजूला नजर टाकली, सहज, आणि त्याच्या अंगावर काटा आला.

साहेब एक पाऊल मागे उभे होते. जरा डावीकडे सरकून. दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले, आणि तळवे समोर. मान किंचित खाली, डोळे मुठीच्या खाली, जिथे किल्लीचं भोक असतं तिथे. मॅनेजरसारखे हात पाठीमागे बांधून नव्हे. ती ऐट जगात कुणालाही येते. ही उभं राहायची पद्धत मात्र एकाच शाळेत शिकवतात, आणि त्या शाळेत कुणी हौसेने जात नाही.

दोघे शेजारी शेजारी उभे होते. दार बंद होतं, कुलूप नव्हतं, आडवं येणारं कुणी नव्हतं. दोघांपैकी कुणीही हात उचलला नाही.

मग साहेबांनी मान वळवली. आधी साबण्याच्या पायांकडे बघितलं, मग हातांकडे, मग त्याच्या तळव्यांकडे. मग स्वतःच्या तळव्यांकडे. त्यांनी हात झटकन खिशात घातले, पण उशीर झाला होता. चेहऱ्यावरची सगळी माफी उतरली आणि खालून एक साधा, घाबरलेला म्हातारा वर आला.

शिपाई चहाचा ट्रे घेऊन धापा टाकत आला, कोपराने मूठ दाबली, खांद्याने दार ढकललं. "माफ करा साहेब, थोडा उशीर झाला."

आत भिंतीभर पाट्या होत्या. 'खरं बोला, मान ताठ राहील.' 'स्वच्छ हात, स्वच्छ मन.' आणखीही होत्या, सगळ्या सोनेरी अक्षरांत. साबण्याला त्या एकेक करून वाचाव्याशा वाटल्या, पण वेळ तशी नव्हती. साहेबांनी शिपायाला बाहेर पाठवलं, दार बंद करून घ्यायला सांगितलं, आणि खुर्चीत बसले. चहाला हात लावला नाही.

"कुणाला सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"काय?"

"जे बघितलंस ते."

"मी दार बघितलं साहेब. बंद होतं."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा मी या शहरात नव्हतो. इथे कुणाला माहीत नाही, मुलांनासुद्धा नाही. बोल, काय पाहिजे तुला?"

"नोकरी. बाहेर पाटी आहे."

"ती मिळणार नाही. तुला रोज आवारात बघायचं आणि रोज वाटायचं की आज याने तोंड उघडलं, उद्या उघडेल. नाही जमणार मला. दुसरं काहीही माग. पाकिटात घालून देतो, आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस."

करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं ज्याला म्हणतात तो माणूस साबण्याच्या समोर बसला होता, आणि तरी नोकरी साबण्यालाच नव्हती. त्याला संताप आला. दाजींवर इतकी वर्षं न काढलेला, मॅनेजरवर न काढलेला, अर्जातल्या रकान्यांवर न काढलेला सगळा एकदम उसळला.

"मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "सांगितलं तरी साबण चोरणाऱ्याच्या साक्षीला कोण विचारतंय? तुमचं पाकीट तुमच्यापाशी ठेवा. पण आता बोलायला लावलंयत तर ऐका. त्या अर्जावर माझी चोरी मी स्वतःच्या हाताने लिहिलीय. तुमची त्या पाट्यांवर कुठे लिहिलीय, दाखवा. मी खरं बोललो, मला फाटकाबाहेर जागा. तुम्ही मूग गिळून बसलात, तुम्हाला ही खुर्ची. आणि वर मॅनेजर सांगतो, साहेबांचा उपदेश ऐकून जा, फायद्याचा आहे."

"आवाज खाली घे."

"खालीच आहे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ह्याच्यावर एक पाटी करून घ्या. जागा आहे त्या कोपऱ्यात. तुमच्याकडे गाड्या आहेत, गोदामं आहेत, बाईसाहेब, शिपाई, सगळं आहे, आणि एवढं असून एक दार उघडता येत नाही तुम्हाला. अख्खं ऑफिस त्याला तुमचा थाट समजतंय. तो बिचारा मॅनेजर तर कैद्याची नक्कल करत उभा राहतो जिन्यापाशी, आणि त्याला वाटतं आपण मोठे होतोय. मला निदान माहीत तरी आहे की ती माझी खोड आहे."

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

"येतो मी," साबण्या म्हणाला. वळला, ताठ मानेने चालत दारापर्यंत गेला.

आणि थांबला.

दार बंद होतं. एक पाऊल मागे, जरा डावीकडे. त्याला कळत होतं. त्याने स्वतःला चार शिव्या घातल्या. इतकं फाडफाड बोलून झाल्यावर आता हे. कानशिलं तापली, पण हात मांडीवरून सुटेना. आता मागून हसण्याचा आवाज येणार, आणि हसू दे, हसण्यासारखंच आहे, असं म्हणत तो उभा राहिला.

हसण्याचा आवाज आला नाही. खुर्ची करकरली. बूट वाजले, जवळ आले आणि त्याच्या मागे एका पावलावर तेही थांबले. साबण्याला साहेबांचा श्वास ऐकू येत होता. दोघे एकामागे एक, रांगेत उभे होते, जेवणाच्या घंटेआधी उभे राहायचे तसे.

मग साबण्याच्या खांद्यावरून एक जाडजूड हात पुढे आला. अंगठी होती, घड्याळ होतं. तो हात मुठीपाशी जाऊन थबकला, मागे आला, पुन्हा गेला. मूठ दाबली गेली. दार उघडलं.

बाहेर मॅनेजर दाराला कान लावून उभा होता, तो आत पडता पडता वाचला. जाड लाकडातून त्याला काही ऐकू आलं नसावं, पण समोर जे दिसलं त्याने त्याचे डोळे पांढरे झाले. साहेब. मुठीवर हात. एका साबणचोरासाठी.

"याला गाडी द्या," साहेब म्हणाले.

"पण साहेब, नियमात—"

"मी दार धरून उभा आहे. लवकर बोला काय ते."

मॅनेजर बाजूला सरकला. साबण्या त्यांच्या दोघांच्या मधून बाहेर पडला. साहेबांकडे त्याने वळून बघितलं नाही, आणि आभारही मानले नाहीत. गाडी फलाटाला त्याने लावली होती, साहेबांनी नव्हे.

संध्याकाळपर्यंत आवारभर झालं की साहेबांनी नव्या ड्रायव्हरसाठी स्वतः दार उघडलं. लोकांनी आपापल्या अकलेप्रमाणे अर्थ काढले. कुणी म्हणालं, हा साहेबांचा कुणी जुना नातेवाईक आहे. कुणी म्हणालं, वरून वशिला आला, फार वरून. शिपाई त्याला बघून स्टुलावरून उठायला लागला. मॅनेजरने तर दुसऱ्याच दिवसापासून हात पाठीमागे बांधणं सोडलं आणि दिसेल त्याला दार उघडून द्यायला लागला, पाणी भरायला आलेल्या बाईला सुद्धा. तिने घाबरून तोंडावर पदर घेतला. एकट्या मिस्त्रींनी कसलाच अर्थ काढला नाही. त्यांनी किल्ली साबण्याच्या हातात दिली आणि ब्रेक जरा कडक आहे एवढं सांगितलं.

साहेब मात्र साहेबच. पुढच्या पहिल्या तारखेला त्यांनी सगळ्यांना आवारात उभं केलं आणि 'चुकलेल्या माणसाला संधी देणं' या विषयावर भाषण ठोकलं. आपण हे पाऊल कसं उचललं, त्याला किती मोठं मन लागतं, वगैरे. स्वतःच्या तुरुंगाबद्दल चकार शब्द नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साबण्या आपल्या ट्रकाच्या पायरीवर बसून ऐकत होता आणि दातांतून काडी फिरवत होता. माणसाने एक दार उघडलं म्हणून तो लगेच सगळीच उघडेल, अशी त्याची अपेक्षा नव्हती. शिपाई मात्र सांगायचा, साहेब हल्ली कधी कधी दारापुढे थांबतात आणि हातानेच थांब म्हणतात. मग उभे राहतात बराच वेळ. एखादं उघडतात, एखादं जमत नाही.

दाजींनी बातमी ऐकली तेव्हा ते म्हणाले, "मी म्हणतच होतो. खरं लिही, खऱ्याला मरण नाही." ताई स्वयंपाकघरातून इतकी मोठ्याने हसली की दाजींना पाणी प्यावं लागलं.

खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर. एकच खोली, पण खिडकी रस्त्याकडे होती आणि नळाला पाणी होतं. पहिला पगार हातात आल्यावर तो पोरीला आणायला गेला. तिने एका ट्रंकेत पुस्तकं भरली, एका पिशवीत कपडे. ताई रडली. दाजींनी दारात उभं राहून पोरीला दोन म्हणी सोबत दिल्या. जिना चढताना तिने विचारलं, शेजारी कोण आहे, आणि त्याने सांगितलं, एक शिंपी, त्याचं मशीन जरा वाजतं.

तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्याने ट्रंक खाली ठेवली, खिशातून किल्ली काढली, कुलूप काढलं आणि कडी सरकवली.

आणि थांबला. एक पाऊल मागे, जरा डावीकडे.

लोटलेलं दार, त्याचंच. भाडं त्याने भरलेलं, कुलूप त्याने आणलेलं. पोरगी मागून पिशवी घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली. तिने दाराकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, त्याच्या समोर केलेल्या तळव्यांकडे बघितलं. आत्याच्या घरात ती हेच बघत मोठी झालेली नसली, तरी गेले काही महिने रोज सकाळी आतोबा मागून काय म्हणतो ते तिने ऐकलेलं होतं.

त्याला वाटलं, ती आता पुढे होईल आणि दार ढकलेल. साहेबांनीही शेवटी उघडलंच होतं. तो त्याचीच वाट बघत राहिला.

तिने पिशवी खाली ठेवली आणि त्या पिशवीवर बसली.

"मी नाही उघडणार," ती म्हणाली. "मी काही शिपाई नाही. घर तुझं आहे, तू उघड."

आतोबाला ती याच सुरात सुनवायची. तिचा आवाज चिडका होता आणि डोळे भरलेले होते, आणि ती जागची हलली नाही. शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं होतं. साबण्या उभा राहिला, पोरगी बसून राहिली. खालून कुणीतरी जिना चढून आलं, दोघांना वळसा घालून वर गेलं.

मग त्याने उजवा हात मांडीवरून उचलला, दाराला लावला आणि ढकललं.

"आधी खिडकी उघडूया," ती उठत म्हणाली. "आत कोंदट वास येतोय."